शास्त्रज्ञांना अक्काची उत्तरं

माझा मिक्सर पहिल्यांदा दुरुस्त होऊन आला तेव्हा तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, आणि त्या वर्तमानपत्राच्या समासात कोणीतरी लाल बॉलपेननं शास्त्रज्ञांना उत्तर देऊन ठेवलं होतं. धूमकेतूचे तुकडे गुरू ग्रहावर आदळल्याची बातमी होती. बातमी कन्नडमध्ये, शेरा मराठीत: "एवढा मोठा आवाज झाला आणि ऐकायला कोण नाही. वाया गेला."

मी तेव्हा चामराजपेटेतल्या मुलींच्या एका हायस्कूलमध्ये फिजिक्स शिकवत होते. कोल्हापूरहून बंगळूरला येऊन मला दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत मी जेवढ्या ओळखी केल्या त्याहून जास्त चुका काढल्या होत्या. स्वभावच तसा. हॉटेलच्या पाटीवर स्पेलिंग चुकलेलं दिसलं की मला इडली गोड लागायची नाही. तेव्हा तो कागद हातात घेऊन मी तडक जिना उतरले. माझ्या खोलीच्या बरोबर खाली, रस्त्याच्या अंगाला ते दुकान होतं. मिक्सर, ग्राइंडर, इस्त्री आणि टेबलफॅन दुरुस्त करणारी बाई तिथं स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक एका घरघरणाऱ्या मोटारीला लावून, डोळे मिटून बसली होती.

"पोकळीतून आवाज जात नाही," मी म्हटलं. "त्याला माध्यम लागतं. गुरूवर कितीही मोठा स्फोट झाला तरी तो इथं ऐकू येणार नाही. तुमचं वाक्य चूक आहे."

तिनं एक डोळा उघडला. "म्हंजे मधी कुणी हॉर्न वाजवला तरी ऐकू येत न्हाई?"

"नाही."

"मग लई चांगली जागा की गं ती," ती म्हणाली आणि पुन्हा डोळा मिटला.

तिला सगळे अक्का म्हणत. तिनं स्वतःसाठी निवडलेलं एक छान नाव होतं, पण ते मी इथं लिहीत नाही, कारण परवानगी विचारायला ती आता नाही. निपाणीकडची. सोळाव्या वर्षी मुलाच्या कपड्यात घर सोडलं आणि पुन्हा ते कपडे घातले नाहीत. काही वर्षं बंगळूरमध्ये आपल्या जमातीच्या गुरूपाशी राहिली, दुकानांपुढं टाळ्या वाजवल्या, त्याचा कंटाळा आला. मग मार्केटजवळच्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याच्या ओट्यावर जाऊन बसली आणि तो हाकलून हाकलून दमल्यावर त्यानं तिला मोटारीला तांब्याची तार गुंडाळायला शिकवलं. आज तिच्यासारख्यांसाठी बरे शब्द आहेत. त्या काळी आमच्यापर्यंत जे पोचले होते ते मी शाळेच्या वाटेवर रोज ऐकायचे, आणि ऐकू न आल्यासारखं दाखवायचे. याची मला आजही लाज वाटते.

तिची कामाची पद्धत अशी की मशीनला काय झालंय हे ती कधी विचारायची नाही. "तुम्ही याला काय केला?" असं विचारायची. गिऱ्हाईक आधी रागवायचं, मग हळूच कबूल व्हायचं की सुनेनं मिक्सरमध्ये हळकुंडं घातली होती. दुरुस्ती झाली की वस्तू विज्ञानाच्या पानात गुंडाळून जायची. राजकारणाचं पान ती ग्रीस पुसायला वापरी. विज्ञानाचं पान मात्र आधी स्वतः वाचायचं, कडेला शेरा लिहायचा आणि मगच ते बाहेर पाठवायचं, असा तिचा नेम होता. शेरा गिऱ्हाईक बघून कन्नडमध्ये, मराठीत किंवा मोडक्या इंग्रजीत असे.

परदेशात एका मेंढीपासून हुबेहूब दुसरी मेंढी केल्याची बातमी आली तेव्हा सगळं जग हादरलं. अक्कानं लिहिलं: "सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसतात. फसवत नसतील कशावरून?" मंगळावर गाडी उतरली, तिनं पाठवलेला दगडधोंड्यांचा फोटो छापून आला. अक्का: "एवढ्या लांब कशाला गेले? आमच्या फिफ्थ मेन रोडला आले असते." बुद्धिबळात कॉम्प्युटरनं जगज्जेत्याला हरवलं, तेव्हा: "मशीन जिंकलं. पण त्याला कोणी सांगितलं का?" या शेवटच्या वाक्यावर मी तिच्याशी भांडायला खाली गेले आणि जिन्यातच माझ्या लक्षात आलं की याला माझ्याकडे उत्तर नाही. तशीच परत वर आले.

पुढं पुढं काही लोक कागदासाठीच यायला लागले. एका रिटायर्ड पोस्टमास्तरांनी एकच इस्त्री दोन महिन्यांत तीनदा आणली. तिसऱ्यांदा अक्कानं इस्त्री उघडलीसुद्धा नाही. कागद तेवढा दिला आणि म्हणाली, "अण्णा, पुढच्या टायमाला नुसतंच या. इस्त्रीला स्वल्प रेस्ट द्या."

मला वाटतं, तिच्या शेऱ्यांत थट्टा होती तशी एक चौकशीही होती. जगातल्या एवढ्या हुशार माणसांना तिच्याविषयी काही कळलंय का, हे ती रोज सकाळी पान उघडून बघत होती. पुरुषांचा मेंदू आणि बायकांचा मेंदू यात फरक असतो अशी बातमी अधूनमधून यायचीच. एकदा ती पान घेऊन स्वतः जिना चढून वर आली. "टीचर, हे लोक मेंदू बाहेर काढून, कापून बघत्यात आणि मग सांगत्यात बाईचा हाय का गड्याचा. तेबी शंभर टक्के न्हाई म्हणे. मग आमच्या बसस्टॉपवरच्या टवाळ पोरांस्नी काही न कापता, लांबून, एका सेकंदात कसं कळतंय? बक्षीस त्यास्नी द्यायला पाहिजे."

समुद्रात नर म्हणून वाढणारा आणि वेळ आली की मादी होणारा एक मासा असतो, हे तिला माझ्याकडून कळलं. मला त्याचा पश्चात्ताप करायची वेळ आली, कारण पुढचे सहा महिने ती येणाऱ्या प्रत्येकाला तो मासा सांगत होती. "आणि बाकीचे मासे काय म्हणतात माहीत हाय? काय न्हाई म्हणत. अफिडेव्हिट मागत न्हाईत."

मी एकदा विचारलं, तुम्हाला माणसांपेक्षा मशीनच जास्त का आवडतात? ती म्हणाली, "मिक्सरला कळतंय का बटन कोण दाबतंय? ब्राह्मण दाबू दे, पोलीस दाबू दे, मी दाबू दे. करंट आला की फिरतंय. बस." हे ती हसत म्हणाली नाही.

आता कार्डाची गोष्ट सांगते.

फोटोवाली मतदार ओळखपत्रं निघाली ती नव्वदीच्या मधल्या वर्षांत. सरकारी कामाला माणसं कमी पडली की शिक्षक पकडायचे ही आपल्याकडची पद्धत, त्याप्रमाणे आमच्या भागातल्या चार गल्ल्यांची घरोघर नोंदणी माझ्या गळ्यात पडली. एप्रिलच्या उन्हात मी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन फिरले. फिरत फिरत आमच्याच घराखालच्या दुकानात आले. अक्काचं नाव तोवर कुठल्याच यादीत नव्हतं. रेशनकार्ड नव्हतं, काहीच नव्हतं. आमच्या पेटेतल्या, म्हणजे पेठेतल्या, वाचनालयात ती रोज दुपारी उभ्यानं पेपर वाचायची, पण पुस्तक घरी न्यायला सभासद व्हावं लागे, आणि सभासद व्हायला एक कुठला तरी कागद लागे. तिथला कारकून तीन वर्षं तिला तेच सांगत होता.

"नाव?" मी विचारलं. तिनं सांगितलं.

"वय?"

"पंचेचाळीस लिही. कमी करू नको, मला लाज न्हाई."

"वडिलांचं नाव?"

तिनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग नाव सांगितलं आणि म्हणाली, "माणूस वाईट नव्हता. घाबरट होता." एवढं बोलून ती ग्राइंडरच्या पट्ट्याकडे वळली आणि उरलेला फॉर्म मी माझा मीच भरला.

मग शाळेत फोटो काढले गेले आणि पाच-सहा महिन्यांनी कार्डं आली. सगळी पेटे एकमेकांची कार्डं बघत रस्त्यावर उभी होती. सत्तरीच्या एका आजोबांचं वय एकोणीस. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या वडिलांच्या जागी त्याच्याच मुलाचं नाव. दोन सख्ख्या जावांचे फोटो अदलाबदल झालेले, आणि दोघींनाही दुसरीचा फोटो आपल्यापेक्षा बरा आलाय असं वाटत होतं. आमचे घरमालक म्हणजे शहाजीराजांच्या काळात इथं आलेल्या घराण्यातले, निवृत्त हिशेबनीस, मिशा पिळदार. त्यांच्या कार्डावर होतं, लिंग: स्त्री.

अक्काच्या कार्डावरही होतं, लिंग: स्त्री.

ती धावत वर आली. तिला धावताना मी आधी कधी बघितलं नव्हतं. "टीचर! बघ, बघ! कॉम्प्युटरला कळलं!" कार्ड माझ्या नाकाशी धरून ती सांगत होती की सगळ्या पेटेचं चुकवलं या मशीननं, पण माझं बरोबर केलं. माणसांनी काय लिहून दिलं असेल ते असू दे, मशीननं आपल्या डोक्यानं बरोबर केलं. शास्त्रज्ञांना तीस वर्षं जमलं नाही ते सरकारच्या कॉम्प्युटरनं करून दाखवलं.

कॉम्प्युटरला डोकं नसतं, हे मी तिला सांगायला हवं होतं. फॉर्ममध्ये लिहिलेलंच तो छापतो, आणि तो फॉर्म मी भरला होता. दुसऱ्या कोणाची याहून लहान चूक मी सोडली नसती. पण ती इतकी आनंदात होती की आयुष्यात पहिल्यांदा मी एक चूक तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं कार्ड प्लास्टिकमध्ये घालून वाचनालयात नेलं. कारकुनानं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि निमूटपणे सभासदत्वाचा फॉर्म पुढं सरकवला. संध्याकाळी ती बगलेत ग्रहताऱ्यांवरचं जाडजूड पुस्तक घेऊन पेटेच्या मधल्या रस्त्यानं, जरा लांबच्या वाटेनंच, घरी आली.

इथंच सगळं थांबलं असतं. पण अक्काच्या जिभेला हाड नव्हतं. मालक हातात कार्ड घेऊन, चेहरा टाकून दुकानावरून चालले होते. तिनं आतूनच हाक दिली, "मालक, काळजी करू नका हं. सुरुवातीला जड जातंय. मग सवय होतीय."

बेकरीसमोर चहा पीत उभी असलेली सगळी माणसं हसली. मालक हसले नाहीत.

पुढच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये दुरुस्तीचा कॅम्प होता. टेबलं मांडलेली, प्रत्येकावर एक शिक्षक, आणि मधोमध तालुका कचेरीतून आलेले अधिकारी. मालक सकाळी नऊलाच हजर होते. त्यांची चूक कळायला वेळ लागला नाही. अधिकाऱ्यांनी माझ्या गठ्ठ्यातून त्यांचा मूळ फॉर्म काढायला लावला, त्यात 'पुरुष' होतं, कार्डावर 'स्त्री'. कार्ड चूक, दुरुस्त करा. नियम सरळ होता: फॉर्म आणि कार्ड जुळत नसेल तर कार्ड बदलायचं.

मालक उठले नाहीत. "सर, माझं सरी केलं, बरोबर झालं. पण माझ्या घराखाली एक आहे, त्याच्या कार्डावर पण स्त्री आलंय. ते पण दुरुस्त करायला पाहिजे की नाही? नाहीतर मीच एकटा चूक कसा?" आणि त्यांनी लेखी तक्रार पुढं ठेवली. अक्षर सुंदर होतं, एकही खाडाखोड नाही.

शिपाई तिला बोलवायला गेला. ती आली ती धुतलेली साडी नीट पिना लावून, दोन्ही हातांनी कार्ड छातीशी धरून. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती आणि सगळी वळून बघायला लागली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघत होती. तिला नियम दारातच शिपायानं सांगितला असावा. फॉर्म आणि कार्ड जुळलं नाही तर कार्ड जाणार, आणि कार्डाबरोबर बाकीचं सगळं. मशीननं केलेला न्याय आता माणसं तपासणार होती.

अधिकारी भला माणूस असावा, कारण तो तिच्याकडे रोखून बघत नव्हता. त्यानं फॉर्म काढायला सांगितलं. मी काढून दिला. माझ्या अक्षरात, निळ्या शाईत, स्वच्छ लिहिलेलं होतं: स्त्री.

"मॅडम," तो कन्नडमध्ये हळूच म्हणाला, "ही नोंद तुमची आहे? घाईत चुकून झाली असेल तर सांगा. दुरुस्त करून टाकू. तुमच्यावर काही येणार नाही."

तो मला वाट करून देत होता. मालक माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या घरात भाड्यानं राहते, हे त्यांच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं. मी शूर नाही. पण माझ्या फॉर्ममध्ये चूक आहे असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि त्या दिवशी हा दुर्गुण माझ्या कामी आला.

"माझ्या फॉर्ममध्ये चूक नसते," मी म्हटलं. "समोर बाई बसली होती. बाई लिहिलं."

त्यानं फॉर्म बघितला, कार्ड बघितलं, दोन्ही जुळत होतं. त्यानं तक्रारीवर 'निकाली' असं लिहून सही केली आणि पुढच्याला बोलावलं. मालक छत्री घेऊन निघून गेले. मला वाटलं होतं, अक्का आता काहीतरी चावट बोलेल आणि सगळा हॉल हसेल. तिनं नुसतं कार्ड उचललं आणि गेली.

दुपारी कॅम्प संपवून घरी आले तर दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. वाकून आत गेले. ती अंधारातच बसली होती, कार्ड मांडीवर.

"तू लिहिलीस," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं होतं तू पुरुष लिहिली असशील. तू बिनचूक बाई. म्हणून मी विचारलेच न्हाई. कॉम्प्युटरनं केलं असंल असंच मी धरून चालले." तिनं मांडीवरचं कार्ड उलटं केलं. "मशीननं केलं तर ते खरं. माणसानं केलं तर ती दया. मला आजवर लई लोकांनी दया केली. भात दिला, जुन्या साड्या दिल्या. हेबी त्यातलंच झालं."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. "दया करायला मला वेळ कुठं होता?" मी ओरडलेच. "उन्हात शंभर घरं फिरून आले होते. पाय दुखत होते. दया करायला थांबावं लागतं, विचार करावा लागतो. मी थांबलेच नाही. नाव लिहिलं, वय लिहिलं, वडील लिहिले, पुढचा रकाना भरला आणि शेजारच्या घरी गेले. काय लिहू, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आलं असतं तर मी तुम्हालाच विचारलं असतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खोटं बोलतेय का, हे ती तपासत होती. मोटारीचा आवाज ऐकताना व्हायचा तसा तिचा चेहरा झाला होता.

"विचारच केली न्हाईस?"

"नाही."

"कितीक सेकंद लागले आसतील?"

"एकसुद्धा नाही."

तिनं कार्ड पदरानं पुसलं, उठली आणि शटर धाडकन वर केलं. सगळं ऊन आत आलं. रस्त्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ ठेवून, ती म्हणाली, "अय्यो टीचर, मग तू कॉम्प्युटरपेक्षा फास्ट हायस की गं."

तिचे खांदे हलत होते. ती हसतेय असंच मी धरून चालले.